एमई/सीएफएस आणि मनाचे उपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका विषाणूजन्य तापानंतर मला हा आजार जडला. त्याआधी मी कोल्हापुरात शाळेत गणित शिकवत होते. नातेवाईक, जुने सहकारी, आणि अलीकडे कोविडनंतर अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या घरची माणसं मला फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला फोनवर सविस्तर सांगण्याइतकी ताकद माझ्यात नसते, म्हणून उत्तरं इथे लिहिली आहेत. मी डॉक्टर नाही. औषधं सुरू करणं, बदलणं किंवा थांबवणं तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच करा.

हा आजार आहे तरी काय?

पूर्ण नाव मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम. दोन्ही नावं जोडून त्याला एमई/सीएफएस म्हणतात. बऱ्याच जणांना तो एखाद्या संसर्गानंतर सुरू होतो: ताप येतो, उतरतो, पण माणूस पूर्वीसारखा होत नाही. ऑस्ट्रेलियात डब्बो या गावी २५३ रुग्णांवर नजर ठेवून केलेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथिज्वर, क्यू फीवर आणि रॉस रिव्हर विषाणू या एकमेकांशी काही संबंध नसलेल्या तीन संसर्गांनंतर, सहा महिन्यांनीही साधारण १२ टक्के लोक आजारीच होते. त्यांचं मन आधीपासून कसं होतं यापेक्षा सुरुवातीचा ताप किती तीव्र होता यावरून पुढचा अंदाज जास्त चांगला बांधता आला. रॉस रिव्हर हा आपल्या चिकुनगुन्याचा जवळचा नातलग आहे, हे महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं.

अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ साली निदानासाठी निकष दिले. सहा महिन्यांहून जास्त काळ टिकलेला, विश्रांतीने न जाणारा आणि आधीची कामं अशक्य करणारा थकवा, श्रमानंतर तब्येत ढासळणं, आणि झोपून उठल्यावरही ताजंतवानं न वाटणं ही तिन्ही लक्षणं हवीत. शिवाय डोकं न चालणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं, या दोनपैकी किमान एक. किमान एक चतुर्थांश रुग्ण आजाराच्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर घराबाहेर पडू शकत नाहीत किंवा अंथरुणातून उठू शकत नाहीत.

थकवा तर सगळ्यांनाच येतो. यात वेगळं काय?

वेगळं आहे ते श्रमानंतरचं ढासळणं. डॉक्टरी भाषेत पोस्ट-एक्झर्शनल मॅलेज, थोडक्यात पीईएम. रुग्ण आपसात त्याला क्रॅश म्हणतात.

माझंच सांगते. केस धुवायचे म्हणजे दोन्ही हात डोक्याच्या वर धरून चोळायचं, वाकून पाणी घ्यायचं, मग पंच्याने पुसायचं. त्या वेळी काहीच होत नाही, उलट बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी दुपारपासून घसा खवखवतो, काखेतल्या गाठी दुखतात, अंग मोडून येतं, आणि चहाचा कप उचलला की हात थरथरतो. समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरते. शेजारच्या घरातली मिक्सरची घरघर सहन होत नाही. हे दोन दिवस चालेल की दोन आठवडे, ते आधी सांगता येत नाही.

सावकाराकडून कर्ज काढल्यासारखं आहे हे: पैसे लगेच हातात पडतात, वसुली नंतर येते आणि घेतल्याच्या कितीतरी पट जास्त असते.

पीईएम उशिरा येतो हेच सगळ्या गैरसमजांचं मूळ आहे. लग्नात लोक तुम्हाला दोन तास हसताना बघतात. पुढचा आठवडा अंधाऱ्या खोलीत काढलेला कुणी बघत नाही.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग आजार कसा म्हणायचा?

नेहमीच्या तपासण्यांत तो दिसत नाही, कारण त्या तपासण्या दुसरेच आजार शोधायला बनवलेल्या आहेत. शोधायच्या ठिकाणी शोधलं तर बरंच काही सापडतं. सलग दोन दिवस सायकलवर श्रमचाचणी घेतली, तर निरोगी पण व्यायामाची सवय नसलेला माणूस दोन्ही दिवशी जवळपास सारखीच कामगिरी करतो. एमई/सीएफएसच्या रुग्णांत दुसऱ्या दिवशी काम करण्याची क्षमता घसरलेली अनेक अभ्यासांत दिसली आहे. व्यायाम सुटल्यामुळे आलेल्या अशक्तपणात असं घडत नाही. (ही चाचणी हौसेने करून घेऊ नका. ती केल्यावरही लोक क्रॅश होतात.)

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमधल्या डीकोडएमई या अभ्यासाचे पहिले निष्कर्ष जाहीर झाले. १५,५७९ रुग्णांच्या जनुकांची निरोगी लोकांच्या जनुकांशी तुलना केली तेव्हा आठ ठिकाणी फरक दिसला, आणि त्यांतल्या काही ठिकाणची जनुकं रोगप्रतिकारशक्तीशी आणि मज्जासंस्थेशी निगडित आहेत. यातून अजून रक्ताची चाचणी निघालेली नाही. शिवाय हे विश्लेषण युरोपीय वंशाच्या लोकांवर झालं, त्यामुळे आपल्याबद्दल त्यातून थेट काही सांगता येत नाही. पण "काहीच सापडत नाही" हे वाक्य मात्र आता कुणी उच्चारू नये.

मग निदान कसं करायचं? आपल्याकडे आधी काय तपासून घ्यावं?

इतर कारणं आधी नीट बघायची. आपल्याकडे हे फारच महत्त्वाचं आहे, कारण सहज बरे होणारे थकव्याचे आजार इथे घरोघरी आहेत. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, थायरॉइड, साखर, बी१२ (शाकाहारी घरांत हटकून), ड जीवनसत्त्व, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या, टीबीची शंका असेल तर त्याची तपासणी, आणि घोरणं व दिवसा पेंगणं असेल तर झोपेतल्या श्वासाची. नैराश्यही तपासून घ्यावं, त्यात कमीपणा काहीच नाही.

आणखी एक साधी गोष्ट: आधी आडवं पडून आणि मग उभं राहून दहा मिनिटं नाडी मोजणं. मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला ३० किंवा जास्त वाढले आणि रक्तदाब फारसा पडला नाही, तर पॉट्सचा (उभं राहिल्यावर ठोके फार वाढण्याच्या विकाराचा) विचार करतात. तो एमई/सीएफएसच्या जोडीने बऱ्याचदा असतो आणि त्यावर काही उपाय करता येतात. जादा पाणी, मीठ, पायांना घट्ट मोजे, लागलं तर गोळ्या. रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मीठ मनाने वाढवू नका.

हे नैराश्यच नाही का, वेगळ्या नावाने?

नाही. डिप्रेशनमध्ये माणसाला कशात रस वाटत नाही. एमई/सीएफएसच्या माणसाला विचारा, "उद्या बरं वाटलं तर काय कराल?" तो न थांबता दहा गोष्टी सांगेल. नैराश्यात चालणं, व्यायाम याने बहुतेकांना हुरूप येतो. इथे त्याच व्यायामाने माणूस अंथरुणाला खिळतो. दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात, आणि वर्षानुवर्षं घरात कोंडलेल्या माणसाला उदास वाटलं तर त्यात नवल नाही. पण उदासी हे आजाराचं मूळ समजून उपचार केले की घोळ सुरू होतो.

मग डॉक्टर मानसोपचाराकडे का पाठवतात?

यामागे जुना इतिहास आहे. जुलै १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये एक साथ आली. नोव्हेंबरपर्यंत २९२ कर्मचारी आजारी पडले, आणि मधल्या काळात रुग्णालय ऑक्टोबरपर्यंत बंद ठेवावं लागलं. तिथले डॉक्टर मेल्विन रॅमसे यांनी पुढची कित्येक वर्षं या आजाराचा पाठपुरावा केला. १९६९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तो मज्जासंस्थेच्या आजारांत नोंदवला. पुढच्याच वर्षी मॅकएव्हेडी आणि बीअर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की ती साथ म्हणजे सामूहिक हिस्टेरिया होता. त्यांनी एकाही रुग्णाला तपासलं नव्हतं, जुने कागद बघून हा निष्कर्ष काढला. त्यांच्या युक्तिवादातला एक मुद्दा असा की आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या. नर्सेसचं रुग्णालय ते, जास्त असणारच!

हा शिक्का पुसायला पन्नास वर्षं लागली, आणि काही दवाखान्यांत तो अजून पुसलेला नाही. १९८८ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने "क्रॉनिक फटीग सिंड्रोम" हे नाव पुढे आणलं, त्यानेही आजार फक्त दमण्यापुरता वाटू लागला. ब्रिटनमध्ये याच सुमाराला एक सिद्धांत रुजला: संसर्ग कधीच बरा झालेला असतो, रुग्ण श्रमाला घाबरून विश्रांती घेत राहतो, त्याने अंगातली ताकद जाते, आणि ताकद गेल्यामुळे भीती पक्की होते. म्हणजे आजार टिकवून ठेवायला रुग्णाचा समज आणि वागणं कारणीभूत. या सिद्धांतातून दोन उपचार निघाले, आणि ते जगभर पसरले.

सीबीटी आणि जीईटी या उपचारांत नेमकं काय करतात?

सीबीटी म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्याची समुपदेशन पद्धत. चिंता, नैराश्य यांसाठी ती चांगली आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण या आजारासाठी तिचा जो अवतार बनवला त्यात रुग्णाला पटवायचं असतं, की लक्षणांकडे लक्ष देऊ नका, शरीरात असं काही बिघडलेलं नाही जे तुम्हाला थांबवील.

जीईटी म्हणजे ग्रेडेड एक्सरसाइज थेरपी. आज पाच मिनिटं चाला, दर काही दिवसांनी ठरल्याप्रमाणे वाढवा, आणि त्रास वाढला तरी मागे येऊ नका. पीईएम असलेल्या माणसाला "त्रास झाला तरी थांबू नका" हे सांगणं किती घातक, ते वर लिहिलंच आहे.

पेस चाचणीचं नाव सतत येतं. तिच्यावर एवढा वाद का?

हे उत्तर लांब आहे, आणि मुद्दाम लांब ठेवलं आहे. आजही भारतातल्या डॉक्टरांना "पुरावा काय?" विचारलं तर बहुधा याच चाचणीपासून आलेलं काहीतरी समोर येतं.

पेस ही ब्रिटनमध्ये झालेली, या आजारावरच्या उपचारांची सर्वांत मोठी चाचणी. ६४१ रुग्ण, सुमारे ५० लाख पौंड खर्च. पैसे देणाऱ्यांत मेडिकल रिसर्च कौन्सिल होती आणि आजारपणाचे भत्ते देणारं सरकारी खातंही होतं. चार गट केले: नुसता नेहमीचा वैद्यकीय सल्ला, त्यासोबत सीबीटी, त्यासोबत जीईटी, आणि त्यासोबत ताकदीनुसार जुळवून घेण्याची एक पद्धत. २०११ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: सीबीटी आणि जीईटी सुरक्षित आणि बऱ्यापैकी गुणकारी. २०१३ मध्ये पुढचा लेख आला की या दोन गटांतले २२ टक्के रुग्ण चक्क बरे झाले. वर्तमानपत्रांत मथळे झळकले.

आता गणित बघा. शारीरिक क्षमता ० ते १०० गुणांच्या एका प्रश्नावलीने मोजली. चाचणीत प्रवेश मिळवण्याइतके आजारी ठरण्यासाठी गुण ६५ किंवा कमी हवे होते. बरं होण्याची रेषा मूळ आराखड्यात ८५ होती, ती नंतर ६० वर आणली. म्हणजे ६५ गुण घेऊन आत आलेला माणूस वर्षभरात आणखी खालावून ६० वर आला, तरी या एका निकषावर तो बरा. मी आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. नापास आणि पास या दोन्हींत एकच मूल बसेल अशी गुणपद्धत कुठल्याही शाळेने मान्य केली नसती. बरं ठरवायला आणखीही निकष होते, पण तेही मूळ आराखड्याच्या तुलनेत सैल केलेले होते.

एका ऑस्ट्रेलियन रुग्णाने २०१४ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली मूळ आकडेवारी मागितली. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठाने नकार दिला आणि प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत नेलं. कायदेशीर खर्चावर दोन लाख पौंडांहून जास्त घातले. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने रुग्णाच्या बाजूने निकाल दिला. आकडे हाती आल्यावर रुग्ण आणि संशोधकांनी मिळून मूळ आराखड्यातल्या निकषांनी हिशोब पुन्हा मांडला. बरे झालेले: सीबीटीत ७ टक्के, जीईटीत ४ टक्के, नुसत्या वैद्यकीय सल्ल्याच्या गटात ३ टक्के. यांतला फरक सांख्यिकीच्या दृष्टीने नगण्य होता.

अजून काही. सहा मिनिटांत किती अंतर चालता येतं ही एक प्रत्यक्ष मोजणी होती. जीईटीच्या गटात वर्षाअखेरीस सरासरी ३७९ मीटर भरले. निरोगी माणूस तेवढ्या वेळात सहज ५०० च्या वर जातो. सीबीटीने तर चालण्यात काहीच भर पडली नाही. किती लोक कामावर परतले यातही फरक पडला नाही. हालचाल मोजणारं घड्याळासारखं यंत्र सुरुवातीला वापरलं, पण निकाल मोजायच्या वेळी ते वगळलं. आणि अडीच वर्षांनंतरच्या पाहणीत चारही गटांत अंतर उरलं नव्हतं.

चाचणी करणाऱ्यांची बाजूही सांगते. त्यांचं म्हणणं असं की निकष निकाल बघण्याआधी बदलले होते, आणि आपले निष्कर्ष योग्यच आहेत. ते अजूनही त्यावर ठाम आहेत. मला ते पटत नाही, पण तुम्ही स्वतः वाचून ठरवावं.

पण काही रुग्ण म्हणतात की त्यांना फरक पडला. ते खोटं बोलतात का?

अजिबात नाही. आणि हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो.

नॉर्वेत बर्गनच्या हाउकेलँड रुग्णालयातले कर्करोगतज्ज्ञ ऑयस्टीन फ्लुगे आणि ओलाव मेला यांच्या लक्षात आलं, की कर्करोगाच्या उपचारानंतर त्यांच्या एका रुग्णाचा एमई/सीएफएसही हलका झाला. त्यांनी रिटुक्सिमॅब हे औषध छोट्या चाचण्यांत दिलं आणि निकाल फार आशादायक आले. जगभरचे रुग्ण आनंदले. मग त्यांनी मोठी, काटेकोर चाचणी केली: १५१ रुग्ण, कुणाला औषध आणि कुणाला नुसतं सलाइन, हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला. २०१९ चा निकाल: औषधाच्या गटात २६ टक्के लोकांना सुधारणा वाटली, सलाइनच्या गटात ३५ टक्के.

नुसत्या सलाइनवर ३५ टक्के! ते लोक खोटं बोलत नव्हते. आजार मुळातच वरखाली होतो, आशा असते, डॉक्टर प्रेमाने विचारपूस करतात, आणि प्रश्नावलीत आपण दोन गुण जास्त टाकतो. त्या दोघा डॉक्टरांनी आपलाच आवडता उपचार चालत नाही हे जाहीर केलं, आणि माझ्या मनात त्यांच्याबद्दल अपार आदर आहे.

समुपदेशनाच्या चाचणीत कोण काय घेतोय हे झाकता येत नाही. त्यातून उपचारच असा, की "तुम्हाला जितकं वाटतं तितके तुम्ही आजारी नाही" हे शिकवायचं, आणि शेवटी विचारायचं, "आता कसं वाटतं?" मग उत्तरात थोडी सुधारणा दिसणार नाही तर काय होईल? म्हणूनच अशा चाचणीत चालणं, काम, दिवसभरातली हालचाल यांसारखी प्रत्यक्ष मोजमापं हवीत. जो नियम औषधाला, तोच समुपदेशनाला.

आता अधिकृत मार्गदर्शन काय सांगतं?

अमेरिकेच्या सीडीसीने २०१७ मध्ये जीईटी आणि सीबीटीची शिफारस काढून टाकली. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००७ मध्ये हे दोन्ही उपचार सुचवले होते. तिने २९ ऑक्टोबर २०२१ ला नवं मार्गदर्शन दिलं. ते प्रसिद्ध होण्याआधी काही वैद्यकीय संघटनांच्या विरोधामुळे ऐन वेळी अडकलंही होतं. त्यात म्हटलं आहे की ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेणारा व्यायाम देऊ नये. सीबीटी हा आजार बरा करणारा उपचार नाही. रुग्णाला हवी असेल तर आजारासोबत जगण्यासाठी आधार म्हणून ती द्यावी. लायटनिंग प्रोसेस नावाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण देऊ नये. जुन्या चाचण्यांतल्या पुराव्याचा दर्जा नाइसने कमी किंवा अतिशय कमी ठरवला.

तुमच्या डॉक्टरांना २००७ चं मार्गदर्शन माहीत असेल आणि २०२१ चं नसेल, तर त्याची छापील प्रत न्या. भांडायला जाऊ नका. "हे नवीन आलंय, तुम्ही बघाल का?" एवढं पुरतं, निदान चांगल्या डॉक्टरांना तरी.

तुम्ही मानसोपचाराच्या विरोधात आहात का?

नाही, आणि हे ठळकपणे लिहायला हवं. कुणी हे वाचून नैराश्याच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर मला ते फार लागेल. त्या गोळ्या एकदम थांबवल्या की वेगळेच त्रास सुरू होतात. डिप्रेशन असेल तर त्यावर पूर्ण उपचार घ्या. नोकरी गेली, मैत्रिणी तुटल्या, मूल होऊ देण्याचा बेत सोडावा लागला, अशा दुःखांवर बोलायला जाणकार माणूस हवाच. मी स्वतः एका समुपदेशक बाईंकडे जात होते. त्यांनी पहिल्याच भेटीत मला आडवं पडून बोलू दिलं आणि "तुमचं शरीर काय सांगतंय ते तुम्हाला जास्त कळतं" असं म्हणाल्या. त्यांनी आजार बरा केला नाही, तसं म्हटलंही नाही. पण त्यांच्यामुळे मी तगले.

जगणं नकोसं वाटत असेल तर थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं.

समुपदेशक निवडताना काय विचारावं?

"श्रमानंतर माझी तब्येत ढासळते, हे तुम्ही काय समजता?" हा एक प्रश्न पुरेसा आहे. उत्तर "भीती" असं आलं तर दुसरीकडे जा. फोनवर किंवा व्हिडिओवर, मध्ये थांबत, अर्ध्या तासाची बैठक चालेल का, हेही विचारा. तासभराचं बोलणं हाही श्रमच आहे.

योग, सूर्यनमस्कार, प्राणायाम केला तर?

हा सल्ला मला जितक्या लोकांनी दिला तितका दुसरा कुठलाच नाही, आणि सगळ्यांनी मायेने दिला. सूर्यनमस्कार हा दमछाक करणारा व्यायाम आहे. पीईएम असताना रोज एकेक वाढवत नेणं म्हणजे जीईटीच, नाव तेवढं देशी. शवासन किंवा आडवं पडून संथ श्वास घेणं काहींना सुखाचं वाटतं. कपालभातीसारखे जोराचे प्रकार जपूनच. हातपाय आखडू नयेत म्हणून अंथरुणात हलके ताण देणं वेगळं. ते जितकं झेपेल तितकं, आणि दुसऱ्या दिवशी काय होतं ते बघून.

मग करायचं काय? पेसिंग म्हणजे काय?

आपली ताकद जिथे संपते त्याच्या अलीकडे थांबायचं. बरं वाटत असताना थांबायचं, आणि हेच सगळ्यांत कठीण आहे.

स्वयंपाकघरातलं सांगते. मी ओट्याशी उभी राहत नाही. भाजी निवडणं, चिरणं सगळं पलंगावर बसून, पाठीला लोड लावून. कांदा चिरला की थांबते, आडवी पडते, मग कणीक. भाकरी थापणं सोडलं. कुकरमध्ये डाळ, भात आणि भाजी एकदम लावते. ओट्याजवळ उंच स्टूल आहे, आणि न्हाणीघरातही प्लास्टिकचं स्टूल, त्याच्यावर बसूनच अंघोळ. पाणी सकाळी लवकर येतं, ते भरायला शेजारचा मुलगा मदत करतो. केस कापून आखूड केले. सासूबाईंना सुरुवातीला ते आवडलं नाही, आता त्याच तेल लावून देतात.

काही जण मनगटावरच्या घड्याळाने ठोके बघतात. विश्रांतीच्या ठोक्यांपेक्षा साधारण १५ जास्त झाले की थांबायचं, असा एक ढोबळ नियम रुग्णांत चालतो. ठोके मंद करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तो लागू पडत नाही. बोलणं, हिशोब करणं, भांडण, मोबाइल पाहणं यांतही ताकद जाते, हे विसरू नका. पेसिंगने आजार बरा होत नाही. क्रॅश कमी होतात, आणि वारंवारच्या क्रॅशमुळे तब्येत कायमची खालावते असा बऱ्याच रुग्णांचा अनुभव आहे.

औषध?

आपल्याकडे या आजारासाठी मान्यता मिळालेलं एकही औषध नाही. झोप, दुखणं, पॉट्स, पोटाचे त्रास यांवर वेगवेगळे उपचार होतात आणि ते जरूर घ्यावेत. "सहा महिन्यांत मुळापासून बरा" म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला, कुठल्याही पॅथीचा असो, देऊ नका.

बरं होता येतं का?

लहान मुलांत आणि किशोरवयात शक्यता बरीच चांगली असते. मोठ्यांबद्दल २००५ मध्ये जुन्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला, त्यात पूर्ण बरे होणाऱ्यांच्या प्रमाणाचा मध्यक (सगळ्या अभ्यासांतला मधला आकडा) ५ टक्क्यांच्या आसपास होता. सुधारणा होणारे त्याहून बरेच जास्त. आजार सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यांत विश्रांती मिळाली तर फायदा होतो असं अनेक डॉक्टर आणि रुग्ण मानतात. म्हणून तापानंतर महिना दीड महिना उलटूनही माणूस उभा राहत नसेल, तर त्याला "चल, जरा फिरून ये" म्हणू नका.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. एमई/सीएफएसचं नाव त्यांत नाही. "दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार" असा एक प्रकार आहे, पण त्याखाली हा आजार बसवून घेणं प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळावर अवलंबून राहतं आणि वाट फार खडतर आहे. नोकरी असेल तर राजीनामा देण्याआधी अर्धवेळ काम, घरून काम, बिनपगारी रजा असे सगळे पर्याय लेखी मागा. मी एका मंडळासमोर गेले तेव्हा "तुम्ही चालत आलात ना?" एवढंच विचारून कागद परत केले. आलेही होते चालत. नंतर किती दिवस उठता आलं नाही, ते विचारलं नाही.

घरच्यांना कसं समजवायचं?

एकदा बसवून सगळं सांगायचा प्रयत्न सहसा फसतो. दोघांनी मिळून एक वही ठेवा: आज काय केलं, उद्या आणि परवा काय झालं. माझ्या नवऱ्याला कुठल्याही डॉक्टरने पटवलं नव्हतं. स्वतःच्या हाताने नोंदी लिहिल्यावर गणपतीच्या पाहुण्यांनंतर दर वर्षी काय होतं ते त्याला दिसलं, आणि पुढच्या वर्षी त्यानेच सगळ्यांना फोन करून सांगितलं, "दर्शनाला या, जेवण बाहेरून मागवतोय, आणि ती आतल्या खोलीत असेल, तिला उठवू नका."

जावा-नणंदांना सांगायला एक वाक्य पुरतं: "मला जमतं तेव्हा मी करते, नंतर त्याची भरपाई करावी लागते."

आजारी मैत्रिणीला भेटायला जायचंय. काय न्यावं?

आधी मेसेज करा, आणि ऐन वेळी "आज नको" आलं तर मनाला लावून घेऊ नका. अत्तर, उदबत्ती, मोठा आवाज टाळा. पंधरा मिनिटांत उठा, तिने आग्रह केला तरी. डब्यात वरणभात किंवा मऊ खिचडी न्या, डबा परत मागू नका, आणि जाताना ओट्यावरची भांडी घासून जा.